चिप खरं बोलत होती : केल्विनच्या चार तारा

आजची गोष्ट १८६१ सालची आहे, पण सुरुवात माझ्या मामाच्या शेतातल्या खोपीपासून करतो.

खोपीत १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि एक दिवा. मामाचा प्रश्न साधा होता : "रात्रभर दिवा ठेवला तर बॅटरी टिकेल का, की मोठी घेऊ?" मी ऐटीत आयएनए२१९ ही वीज मोजणारी चिप लावली. आकडे आले २१०, मग ३००, मग २४० मिलिअँपिअर. दिवा तोच, उजेडही तोच! ३०० धरले तर १२ तासांत ३.६ अँपिअर-तास, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. मी सांगून टाकलं, "मामा, मोठी घ्यावी लागेल."

घरी आल्यावर मन खाऊ लागलं. मल्टीमीटर मात्र २०० वर स्थिर होता. मी चिप बदलली, कोड बदलला, कॅलिब्रेशनचा आकडा तपासला. फरक शून्य. शेवटी सहज वायर हलवली, तर आकडाही हलला!

आता इतिहासाकडे वळू. ही चिप करंट थेट मोजत नाही. ०.१ ओहमच्या एका छोट्या रोधकावर, म्हणजे शंटवर, किती व्होल्टेज पडतं ते ती बघते. २०० मिलिअँपिअरला पडतात फक्त २० मिलिव्होल्ट. माझी मोजणीची तार शंटच्या टोकाला नव्हती. ती स्क्रू टर्मिनलच्या पलीकडे होती. त्या सैल जोडाचा रोध ०.०५ ओहम झाला की आणखी १० मिलिव्होल्ट वाढतात आणि चिप इमानदारीत ३०० दाखवते. जोड हलला की रोध बदलतो, आकडा नाचतो.

नेमका हाच त्रास १९व्या शतकात विल्यम थॉमसनपुढे होता. पुढे १८९२ मध्ये 'लॉर्ड केल्विन' झाले ते हेच. व्हीटस्टन ब्रिजवर मोठे रोध छान मोजता यायचे, पण जाड तांब्याच्या तुकड्याचा रोध मोजताना तारा आणि जोडांचाच रोध त्यात मिसळायचा. १८६१ मध्ये त्यांनी दुहेरी ब्रिज काढला. कल्पना अशी : करंट नेणाऱ्या दोन तारा वेगळ्या, व्होल्टेज बघणाऱ्या दोन वेगळ्या. बघणाऱ्या तारांतून करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांच्या जोडाचा रोध आड येत नाही. आजही याला 'केल्विन कनेक्शन' म्हणतात.

उरला शंट. तो तापला की त्याचा रोध बदलायला नको. १८९२ मध्येच एडवर्ड वेस्टन यांनी मँगनिन हा मिश्रधातू आणला : तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल. तापमान बदललं तरी त्याचा रोध फारसा हलत नाही. आजच्या अनेक शंटमध्ये तोच असतो.

मग मी काय केलं? मोजणीच्या दोन तारा थेट शंटच्या दोन टोकांना डाग देऊन जोडल्या, स्क्रू घट्ट केले. तरी आकडा किंचित थरथरत होता, कारण दिव्याचा डिमर वीज झपाट्याने चालू-बंद करतो. चिपला १२८ नमुन्यांची सरासरी घ्यायला लावली. तिला त्यासाठी ६८ मिलिसेकंद लागतात, बस्स. आकडा २०० वर बसला. १२ तासांचे २.४ अँपिअर-तास, म्हणजे जुनी बॅटरी पुरते.

मामाला फोन केला. "मामा, पैसे भरलेस का?" "उद्या जाणार होतो रे." "जाऊ नकोस. चूक माझी होती, बॅटरीची नाही." तो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण एका सैल स्क्रूवर मी त्याचे पैसे घालवणार होतो.

तेव्हा मित्रांनो, सेन्सरचे आकडे नाचले तर आधी चिपला शिव्या घालू नका. तार कुठून कुठे जोडली आहे ते बघा. केल्विन यांनी १८६१ मध्ये तेच बघितलं होतं. भेटू पुढच्या भागात!