पत्र येते, पण जात का नाही?

टपालपेटीत पत्र टाकताना आपल्याला कोणी नाव विचारत नाही. रजिस्टर पत्र घेताना मात्र सही करावी लागे. संगणकावरील ई-मेलच्या आज्ञावलीत पत्रे येतात पण जात नाहीत, या नेहमीच्या अडचणीचे मूळ अशाच फरकात आहे.

पत्र पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये मांडले. तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठांचे व प्रयोगशाळांचे, रात्रंदिवस चालणारे संगणक होते. ते परक्याचे पत्रही पुढे पोचवत. पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारण्याची सोयच त्या नियमांत नव्हती. पुढे टेबलावरचे छोटे संगणक आले. काम संपले की ते बंद होत. म्हणून त्यांची पत्रे सर्व्हरवर साठवून मागणीप्रमाणे देण्यासाठी 1984 मध्ये 'पॉप' हे वेगळे नियम आले. पत्रे योग्य माणसालाच मिळावीत, यासाठी त्यांत नाव व पासवर्ड होते.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमाने महानगरांतून जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. पण याच दशकात जाहिरातींच्या नकोशा पत्रांचा पूर आला आणि सर्व्हरांनी परक्यांची पत्रे नाकारायला सुरुवात केली.

समजा, लातूरच्या एका शिक्षकांचे खाते एका सेवेकडे आहे आणि नांदेडला ते दुसऱ्या सेवेच्या जोडणीवरून विद्यार्थ्याचा अर्ज पाठवत आहेत. आज शेवटचा दिवस आहे. पत्रे येतात, पण अर्ज जात नाही. पडद्यावर 550 हा आकडा दिसतो. पासवर्ड चुकलेला नसतो. पाठवणारा सर्व्हर त्यांना ओळखतच नसतो.

यावर काही सेवांनी युक्ती काढली: ज्याने नुकतीच पत्रे आणली, त्याला काही मिनिटे पाठवू द्यायचे. पण आज्ञावली आधी पाठवत असेल आणि मग आणत असेल, तर पहिला प्रयत्न फसे आणि लगेच केलेला दुसरा साधे! 1999 मध्ये पाठवतानाही ओळख पटवण्याचे नियम ठरले व हे कोडे सुटले.

आकड्यांची भाषा सोपी आहे. पाठवताना येणारा आकडा 4 ने सुरू झाला, तर अडचण तात्पुरती असते. थोड्या वेळाने तेच पत्र पुन्हा पाठवावे. 5 ने सुरू झाला, तर तसेच पुन्हा पाठवून उपयोग नाही. पत्ता किंवा मांडणी तपासावी. आकडाच आला नाही, तर बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. आधी जोडणी पाहावी.

2022 मध्ये गुगलने बहुतेक खात्यांसाठी केवळ नेहमीच्या पासवर्डावर चालणाऱ्या जुन्या आज्ञावलींना प्रवेश बंद केला. त्यामुळे बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न शिकवावा तो असा: अडले आहे ते येणे, जाणे, की दोन्ही? उत्तर मिळाले की शोधाची जागा निम्मी होते. प्रयोगशाळेतही आपण दोष असाच शोधतो.