छापखाना ते मेमरी कार्ड : नगर जिल्ह्यातील एक धागा

दलित साहित्याच्या चळवळीने शब्दाचा इतिहास बऱ्यापैकी नोंदवला आहे. कोणते नियतकालिक कधी निघाले, कोणी चालवले, कोणत्या कर्जाने बंद पडले याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. हलत्या चित्राविषयी मात्र आपण अजून प्रेक्षकाच्याच भूमिकेत उभे आहोत. चित्रपट आवडला की डोक्यावर घ्यायचा, नाही आवडला की निषेधाचे पत्रक काढायचे. ते चित्र कोणी जुळवले, त्यातले काय ठेवले आणि काय गाळले, गाळलेले पुढे कुठे गेले, हे प्रश्न आपल्या चर्चेत क्वचितच येतात. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या निमित्ताने ते प्रश्न येथे मांडावयाचे आहेत.

या जिल्ह्याला संपादनाची परंपरा आहे, आणि तीही खेड्यातली. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' पुन्हा सुरू केले. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या आडगावातून ते पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत निघत राहिले. त्या काळी पुण्या-मुंबईचे छापखाने आणि त्यांतली लेखणी कोणाच्या हाती होती हे सांगायला नको. खेड्यात छापखाना उभा राहणे याचा अर्थ, बातमी कोणती आणि किरकोळ काय हे ठरवण्याचा अधिकार खेड्याने मागणे. मुकुंदराव दलित नव्हते, आणि सत्यशोधक चळवळीच्या मर्यादांवर स्वतंत्रपणे लिहिता येईल. पण साधन ताब्यात घेतल्याखेरीज आशय ताब्यात येत नाही हे त्यांना उमगले होते.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. जन्माने महार. तिच्याविषयी आज जे वाचायला मिळते ते बहुतांशी पठ्ठे बापूरावांच्या चरित्राच्या अनुषंगाने. कला तिची, कष्ट तिचे, आणि तिच्या आयुष्याचे संकलन दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे झालेले.

चित्रफितीच्या बाबतीत ही गोष्ट अधिक तीव्र होते, कारण फिल्म महाग होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेव व्हटकरांनी स्वतःच्या खर्चाने केले, म्हणून ते आपल्याजवळ आहे. ज्या पुरुषाच्या मागे लाखोंचा समुदाय चालत होता त्याची अखेरची यात्रा टिपण्यासाठी एका दलित लेखकाला पदरमोड करावी लागावी, याहून त्या काळच्या चित्रपटसृष्टीवर वेगळे भाष्य नको.

हा पैशाचा अडसर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोडत गेला. आधी व्हिडिओ कॅसेट आली, मग संगणकावरचे संकलन, मग मेमरी कार्ड. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागाचे महत्त्व या संदर्भात आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या या महाविद्यालयात करमाळा तालुक्यातील जेऊरचा, वडार समाजातला नागराज मंजुळे शिकायला आला. विद्यार्थिदशेत त्याने केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी मुलाचा. त्याला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पुढे याच विभागात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून मेंढपाळांवरचा 'ख्वाडा' (२०१५) काढला. मुंबईची वाट न धरता, एसटीने पोहोचता येईल अशा गावी कॅमेरा आणि संकलनाचे टेबल मिळाले की काय होते, याचा हा पुरावा आहे. अर्थात टेबल मिळाले तरी जमीन विकावी लागतेच, हेही विसरू नये.

'फॅन्ड्री' (२०१३) मध्ये कथेचे गाव नगरजवळचे अकोळनेर आहे. कैकाडी कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे जागच्या जागी थिजतात. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र. या दोन्ही ठिकाणी संवाद जवळजवळ नाही. जे सांगायचे ते कोणते चित्र किती वेळ पडद्यावर ठेवायचे यातून सांगितले आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकावर येतो आणि पडदा काळा होतो. दगड कोणाला लागला, पुढे त्या मुलाचे काय झाले, हे दाखवले असते तर तो सिनेमा दयेचा झाला असता. कुठे थांबायचे हा निर्णय संकलनाचा असतो आणि तो विचारसरणीचाही असतो. आपल्या समीक्षकांनी 'फॅन्ड्री'वर पुष्कळ लिहिले, पण या कापण्याविषयी फारच थोडे.

आता कार्डाकडे येऊ, कारण खरी हानी तेथे होत आहे.

फिल्मच्या काळात निगेटिव्ह ही मूळ वस्तू असे. कात्री लावायची ती तिच्या प्रतीला, आणि अगदी शेवटी निगेटिव्हला. कॅसेटचा काळ आला तेव्हा साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला साठ मिनिटेच लागत. कंटाळवाणे काम, पण उतरवून झाल्यावर कॅसेट कपाटात राहत असे. मेमरी कार्डाचे तसे नाही. ते पुन्हा वापरण्यासाठीच असते. सकाळी जयंतीच्या मिरवणुकीचे चित्रण, संध्याकाळी फॉरमॅट, रात्री लग्न. म्हणजे स्वस्त झालेल्या साधनाने मूळ नावाची वस्तूच नाहीशी केली. आता मूळ ते, जे कोणी आठवणीने उतरवून ठेवले.

उतरवण्यातही एक मेख आहे. बरीच कार्डे ज्या पद्धतीने आखलेली असतात तीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे तासाभराचे भाषण कॅमेरा आपोआप तुकड्यांत लिहितो, आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती कार्डावरच्या इतर लहान फाइलींत ठेवतो. आपला कार्यकर्ता घाईत फक्त मोठ्या फाइली ओढून घेतो. मग जोडाच्या ठिकाणी आवाजाचा तुकडा तुटतो, आणि गाणाऱ्याचा नेमका तोच शब्द जातो. कार्डावरचे अख्खे फोल्डर, जसेच्या तसे, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे आणि दोन्ही उघडून पाहिल्यावरच कार्ड पुसायचे, एवढी शिस्त पुरते. संगणक जुना असेल तर हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्या करून त्यांवर संकलन करावे. मूळ फाइलींना हात लागत नाही.

कारण संगणकावरच्या संकलनात खरे म्हणजे काहीच कापले जात नाही. प्रीमिअर असो वा फायनल कट, टाइमलाइनवर जे दिसते ती एक यादी असते : ही क्लिप येथून येथपर्यंत, मग ती क्लिप. गाळलेले मागे शाबूत असते. कात्रीच्या इतिहासात असे प्रथमच घडले आहे, आणि दुर्दैव असे की हे सत्य माहीत नसल्याने आपण तयार पाच मिनिटांची फीत ठेवतो आणि मागचे पाच तास पुसतो.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली. जमाव टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. वाद होता अंतराचा आणि क्रमाचा : टँकर कुठे, माणसे कुठे, आधी काय, नंतर काय. म्हणजे संकलनाचाच. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चौदा वर्षे जपलेल्या चित्रणातून उभा राहिला; ते चित्रण मध्येच कोणी पुसले असते तर?

नगर जिल्ह्याने २०१३ ते २०१४ या दोन वर्षांत सोनई, खर्डा आणि जवखेडे पाहिले. खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणात साक्षीदार फितूर होत गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. गावात राहायचे असलेला माणूस कोणत्या दडपणाखाली जबाब फिरवतो हे आपण जाणतो. कॅमेरा साक्षीदाराची जागा घेऊ शकेल असा भाबडा विश्वास मी बाळगत नाही. तेथे कॅमेरा होता असेही माझे म्हणणे नाही. पण जेथे असेल तेथे त्याची साक्ष टिकावी कशी, हे कायद्याने सांगितले आहे. जालन्याच्या निवडणुकीतील अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नाही, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागेलच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आशयातून गणिताने काढलेला ओळखक्रमांक, नोंदवावा लागतो. एक चौकट बदलली तरी तो क्रमांक बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली फीत ही आकुंचित झालेली वेगळीच फाइल असते. तिचा क्रमांक मूळ फाइलीशी जुळणार नाही. अत्याचाराचे चित्रण असलेले कार्ड त्याच दिवशी कॅमेऱ्यातून काढून, लिहिण्याची कळ बंद करून, पाकिटावर तारीख, वेळ व चित्रण करणाऱ्याचे नाव घालून बाजूला ठेवावे. कार्डाची किंमत काही शे रुपये आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ (१०) सांगते की या कायद्याखालील कामकाजाचे व्हिडिओ चित्रण केले जाईल. आपल्या तालुक्यातल्या खटल्यात ते होते का, झालेले चित्रण कोणत्या पेटीत पडते, आणि फिर्यादीला ते पाहायला मिळते का, हे पुढच्या तारखेला वकिलामार्फत लेखी विचारता येते.