शाळेतले संगणक भंगारात काढण्याआधी हा इतिहास वाचा

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याआधीची, अजून धडधाकट असलेली यंत्रं कंपनीच्या लेखी बाद. निर्णय अमेरिकेत झाला, पण त्याचं बिल आपल्या जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायती आणि छोट्या कार्यालयांच्या दारात येऊन पडलंय. नवे घ्यायला निधी नाही आणि जुने निर्लेखनाच्या यादीत.

यावर उपाय म्हणून बरेच जण लिनक्सचं नाव घेतात. फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतं, व्हायरसची कटकट कमी. हे सगळं खरं आहे. पण टाकायला बसलं की पहिली ठेच जिथे लागते त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मागच्या काही महिन्यांत मी सेनगाव आणि औंढा भागातल्या काही शाळांच्या संगणक खोल्या बघितल्या. एका शाळेत सीएसआरमधून आलेले वापरलेले लॅपटॉप होते, २०१७ च्या आसपासचे. एका हौशी सरांनी पेनड्राइव्हवरून उबुंटू टाकायला घेतलं. सगळं सुरळीत चाललं होतं, डिस्क निवडायच्या पानावर आले तर यादी रिकामी. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, त्याने न बघताच निकाल दिला, "डिस्क गेली, सर." अहो, त्याच डिस्कवरून सकाळी विंडोज चालू झालं होतं! पण तेवढ्या एका वाक्यावर दोन लॅपटॉप भंगाराच्या कोपऱ्यात गेले.

ही रिकामी यादी आजची नाही. लिनक्सच्या जन्मापासून ती सोबत आहे.

आधी हे होतं कसं ते बघू. मोंढ्यातल्या आडतीचं उदाहरण घ्या. हळदीची पोती गोदामात आहेत. पण गोदामाचा कारभार मुनीमाकडे, आणि मुनीम एकच भाषा बोलतो. ती भाषा येणारा दुभाषी तुमच्याकडे नसेल तर माल असून नसल्यासारखा. संगणकात गोदाम म्हणजे डिस्क, मुनीम म्हणजे डिस्क कंट्रोलर आणि दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. यंत्र सुरू होताना पहिलं वाचन बायोस स्वतःच्या पद्धतीने करतो, म्हणून पेनड्राइव्ह किंवा सीडी सुरू होते. पुढे कारभार लिनक्सच्या कर्नलकडे जातो. त्याच्याकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर त्याला डिस्क दिसतच नाही. ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेला असेल तर आणखी पंचाईत, किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून लिनक्समध्ये इनिटआरडी नावाची छोटी शिदोरी असते. गरजेचे ड्रायव्हर त्यात बांधून आधीच मेमरीत चढवले जातात.

आता इतिहास. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली. त्याच घोषणेत त्याने सांगून टाकलं होतं की यात एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसरं काही बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून नियम असा, की ज्याच्याकडे जे यंत्र त्याचा ड्रायव्हर तो लिहिणार. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या कंट्रोलरचे ड्रायव्हर लिहिले, तसतसं लिनक्स वाढत गेलं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. लहान गावातल्या माणसाने लिनक्स उतरवून घेणं शक्यच नव्हतं. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागे बंगळुरूचे अतुल चिटणीस होते. माझ्या पिढीतल्या अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते अशा सीडीवर. सीडी घरी यायची, पण डिस्क सापडली नाही तर विचारायचं कुणाला? पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट बघायची.

हा त्रास फक्त लिनक्सला होता असं समजू नका. २००१ च्या विंडोज एक्सपीची सीडी नव्या साटा डिस्कच्या यंत्रात घातली की तीही "हार्ड डिस्क सापडली नाही" म्हणायची. सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, आणि तोवर नव्या यंत्रातून फ्लॉपी ड्राइव्हच गायब व्हायला लागला होता. दुकानदारांनी त्यावर जुगाड काढला. बायोसमध्ये जाऊन डिस्क "आयडीई" मोडवर टाकायची आणि मग विंडोज मारायची. फरक एवढाच की विंडोजसाठी ड्रायव्हर कंपनी देत होती आणि लिनक्ससाठी तो कुणीतरी स्वतः शोधून लिहीत होता.

या त्रासाला खरा उतार पडला तो एएचसीआयमुळे. इंटेलने २००४ मध्ये साटा कंट्रोलरशी बोलण्याची ही पद्धत जाहीर केली. सगळ्यांचे मुनीम एकच भाषा बोलायला लागले, एक दुभाषी पुरेसा झाला. लिनक्समध्ये जेफ गार्झिक यांच्या लिबाटा या कामातून साटाचा पाया आधीच घातला गेला होता. कागदपत्रं उघडी असली की काम किती पटकन होतं याचं हे उदाहरण.

पण २००६ मध्ये पुन्हा गोंधळ. इंटेलने डेस्कटॉपच्या नव्या आयसीएच८ चिपमधून जुना आयडीई जोड काढून टाकला. लोकांचे सीडी ड्राइव्ह मात्र जुनेच. बोर्ड बनवणाऱ्यांनी मग त्यासाठी जेमायक्रॉन कंपनीची वेगळी चिप लावली. परिणाम काय? लिनक्सची सीडी सुरू व्हायची आणि अर्ध्या वाटेत विचारायची, सीडी कुठेय?

दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, लेनोवोच्या योगा ९०० मालिकेतल्या काही लॅपटॉपवर लिनक्सला डिस्क दिसेना. डिस्क "रेड" मोडवर कुलूपबंद होती आणि बायोसमध्ये तो बदलायची सोयच नव्हती. जगभर आरडाओरड झाली, तेव्हा कंपनीने लिनक्ससाठी वेगळा बायोस दिला. रेड मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्कला आपल्या पाठीमागे लपवतो. हे जमवून घेणारे बदल २०१६ आणि २०१९ मध्ये कर्नलसाठी सुचवले गेले, पण मुख्य लिनक्समध्ये घेतले गेले नाहीत. कर्नल सांभाळणाऱ्यांचं म्हणणं होतं की ही रचनाच आडवळणाची आहे आणि तिची नीट कागदपत्रंही नाहीत. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून व्हीएमडी नावाचा असाच प्रकार आला. तो चालू असला की काही वेळा विंडोजच्या इन्स्टॉलरलाही डिस्क दिसत नाही, वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो.

वर सांगितलेल्या शाळेतली गोष्ट हीच होती. सेटअपमध्ये जाऊन "रेड" काढून "एएचसीआय" केलं आणि लपलेली डिस्क यादीत हजर. दहा मिनिटांचं काम. मात्र एक सावधगिरी घ्या. मोड असा थेट बदलला की आधीचं विंडोज बहुतेक वेळा सुरू होत नाही, आणि लिनक्ससाठी डिस्क पुसली तर जुनं सगळं जातं. म्हणून आधी शाळेची कागदपत्रं बाजूला कॉपी करून घ्या.

आता महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं देतो, जिथे हा प्रश्न आधीच विचारला गेला होता.

पहिलं उदाहरण खैराट धनगरवाड्याचं. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली ही छोटी वस्ती. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत "प्रत्येक मुलाला लॅपटॉप" या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. केंद्र सरकारने २००६ मध्येच या प्रकल्पाला नकार दिला होता, तरी इथे प्रयोग झाला. त्या लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क नव्हती, १ जीबीची फ्लॅश मेमरी होती. तिच्यासाठी मार्व्हेल कंपनीने "कॅफे" नावाची अगदी नवी कंट्रोलर चिप बनवली. चिप नवी, म्हणजे ड्रायव्हर कुठेच नाही. पण बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं की यंत्र लिनक्सवर चालणार. म्हणून २००६ मध्येच डेव्हिड वुडहाउस या कर्नल प्रोग्रामरने तिचा ड्रायव्हर लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुल्या कर्नलमध्ये गेला. लॅपटॉप धनगरवाड्यावर पोचेपर्यंत डिस्क न दिसण्याचा प्रश्नच उरला नव्हता. प्रकल्प देशात पसरला नाही, त्याची कारणं वेगळी.

दुसरं उदाहरण कोर्टाचं. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांनी उबुंटू लिनक्स स्वीकारलं. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुण्यातल्या पथकाने तयार केलं. तुमच्या केसची पुढची तारीख मोबाइलवर दिसते ती या व्यवस्थेतून. माझ्या ओळखीतले वकील रोज ते वापरतात, त्यातल्या कित्येकांना हे लिनक्स आहे हे माहीतही नाही.

दोन्ही ठिकाणी खरेदी होण्याआधी ठरलेलं होतं की यंत्रावर काय चालणार. आपल्याकडे खरेदीच्या कागदावर रॅम, डिस्क आणि वॉरंटी एवढंच असतं.

औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. लायगोचा डेटा तपासणारे मोठे संगणक-समूह लिनक्सवरच चालतात. तिथून काही किलोमीटरवरच्या शाळेतलं पोरगं लिनक्सला हात न लावता दहावी होणार असेल तर त्या प्रकल्पाचा आपल्याला उपयोग काय?

म्हणून जिल्हा परिषद, शिक्षण विभाग आणि शाळा व्यवस्थापन समित्यांकडे माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक, कुठलाही संगणक निर्लेखनाला टाकण्याआधी बायोसमध्ये डिस्कचा मोड बघा आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून एकदा चालवून बघा. "डिस्क गेली" हा शेरा तोंडी घेऊ नका, तपासणाऱ्याची सही घ्या.

दोन, सीएसआरमधून यंत्रं घेताना बायोसचा पासवर्ड काढूनच घ्या. तो राहिला तर मोड बदलताच येत नाही आणि देणगीदार कंपनीत फोन उचलायला कुणी नसतं.

तीन, नव्या निविदेत आणि जीईएमवरच्या खरेदीत एक ओळ घाला: "पुरवठादाराने लिनक्सच्या चालू एलटीएस आवृत्तीवर डिस्क, वायफाय आणि आवाज प्रत्यक्ष चालवून दाखवावा, मगच देयक मंजूर होईल." या ओळीला एक रुपयाही जास्त लागत नाही.

तुमच्या गावच्या शाळेत बंद पडलेले संगणक असतील तर कमेंटमध्ये गाव, यंत्राचं मॉडेल आणि पडद्यावर काय लिहून येतं ते टाका. आपल्याच जिल्ह्यातली आयटीआयची आणि पॉलिटेक्निकची पोरं यातलं बरंच काही सोडवू शकतात. गावनिहाय यादी करून ती शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचं काम माझ्याकडे.