कार्डावरचा रकाना

१९७४ साली मॅट्रिक होताच वडिलांनी मला जिल्ह्याच्या गावी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नेले. कारकुनाने विचारले, "पोराला काय काम येतं?" वडील म्हणाले, "लिहिण्याचं, साहेब." वडिलांनी स्वतः येसकरकी केलेली. कारकुनाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कार्डावर 'शिपाई' लिहिले. मार्गदर्शन म्हणतात ते मला एवढेच मिळाले.

ही कचेरी आली कोठून? दुसऱ्या महायुद्धातून सुटून येणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये सरकारने ही यंत्रणा उभी केली. ती मजूर खात्याखाली होती आणि त्या वेळी मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या समाजात काम जन्मानेच ठरते, तेथे कामाची नोंद सरकारी खिडकीवर होऊ लागली, ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे. १९४८ साली ही खिडकी सर्वांसाठी उघडली.

मार्गदर्शनाची दुसरी वाट शाळेतून जाणार होती. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी काढली, १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन हवे म्हणून सांगितले, १९५४ साली दिल्लीत केंद्रीय विभाग झाला. विद्यार्थ्याचा 'कल' ओळखायचा, हे त्यांचे सूत्र. आमच्या शाळेत कल ओळखायला कोणी आले नाही. आले असते तरी काय सापडले असते? ज्याने गावकुसाबाहेर जन्म काढला, ढोरे ओढताना बाप पाहिला, त्याच्या आवडीनिवडी चाचणीच्या कागदावर कशा उमटणार? आमचा कल मनुस्मृतीनेच ठरवून ठेवलेला.

पण खरी मेख १९५९ च्या कायद्यात होती. रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळविण्याची सक्ती या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर घातली. भरती मात्र एक्स्चेंजमधूनच करा, अशी सक्ती नव्हती. शिवाय काही कामे सक्तीतून वगळली होती: खाजगी क्षेत्रातील शेतीकाम, घरकाम आणि 'अकुशल कार्यालयीन काम'. या शेवटच्या शब्दाची व्याख्या मी फार उशिरा वाचली. तीत शिपाई होता, पहारेकरी होता, झाडूवाला होता.

म्हणजे ज्या जागी आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी केली गेली, त्याच जागा कळविण्याचे बंधन नव्हते. वगळण्याचे कारण कारभाराच्या सोयीचे असेल. हेतूबद्दल मी भांडत नाही. सरकारी कचेऱ्या आपल्या हुकमांनी चतुर्थ श्रेणीची भरती बहुधा एक्स्चेंजमधून करीत, हेही खरे. पण झाडूवाला शोधायला कोणालाच एक्स्चेंज लागत नव्हते. नगरपालिकेच्या मुकादमाला वस्ती ठाऊक होती.

अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिकवणी व मार्गदर्शन केंद्रे निघाली ती १९६९-७० च्या सुमारास, म्हणजे खिडकी उघडल्यावर चोवीस-पंचवीस वर्षांनी. पुढे नागपुरातही एक झाले. टंकलेखन, लघुलेखन, मुलाखतीची तयारी तेथे शिकवीत. थोडक्यांना मिळाले, पण मिळाले. २० जुलै २०१५ ला 'नॅशनल करिअर सर्व्हिस' आली आणि या केंद्रांनाही तेच नाव लागले.

माझे कार्ड तीन वर्षे नूतनीकरण करीत राहिलो. एक कॉल आला, शिपायाचा. तोवर मी मास्तर झालो होतो. कार्ड परत करायला गेलो तेव्हा 'शिपाई' खोडून 'शिक्षक' लिहा म्हणालो. कारकून म्हणाला, आता नाव कमी करतोय, दुरुस्ती कशाला?