कागदावर नाव कुणाचं?



गटाचं खातं उघडायचं म्हटलं की आम्हा समन्वयक बायकांचा अर्धा दिवस नावातच जातो. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच काही. मग कुणीतरी म्हणतंच, "ताई, आमचं सगळं यांच्या कागदावर आहे की. मला वेगळा कागद कशाला?" या प्रश्नावर इतिहासातल्या एका बाईची गोष्ट आज सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण बाई आपल्या देशातली आहे.

कला बगाई या अमृतसरच्या. १९१५ च्या सप्टेंबरात त्या पती वैष्णोदास आणि तीन लहान मुलगे यांच्यासोबत बोटीनं सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरल्या. तेव्हा तिकडे हिंदुस्थानी बाई दिसणं इतकं दुर्मीळ होतं, की त्यांच्या नाकातल्या हिऱ्याची वर्तमानपत्रात बातमी छापून आली. वैष्णोदास इंग्रज राजवटीच्या विरोधात होते, गदर चळवळीतल्या लोकांशी त्यांचा संबंध होता. गुलाम देशात मुलं वाढवायची नाहीत, म्हणून ते निघाले होते. त्यांनी तिथं दुकान काढलं. जवळच्या बर्कली गावात घरही घेतलं. पण सामान घेऊन राहायला गेले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं. अशा वस्तीत बायकामुलं ठेवायची नाहीत म्हणून वैष्णोदास माघारी फिरले.

आपल्या देशाचं नागरिकत्व बहुतेकांना जन्मानंच मिळतं. परमुलखात गेलेल्याला मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानं त्याची रीत ठरवून दिली होती. आधी 'मला इथला नागरिक व्हायचं आहे' असं लिहून द्यायचं. त्याला पहिला कागद म्हणत. त्यानंतर कमीत कमी दोन वर्षं थांबायचं. देशात सलग पाच वर्षं राहिल्यावर कोर्टात मुख्य अर्ज टाकायचा. त्यावर सही स्वतःच्या हाताची लागे. दोन नागरिक साक्षीला उभे करायचे आणि इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मग न्यायाधीश शपथ देणार.

पण या सगळ्याच्या आधी एक उंबरठा होता. १७९० च्या कायद्यात लिहिलं होतं, की नागरिकत्व फक्त गोऱ्या माणसाला मिळेल. पुढे १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं. हिंदुस्थानी माणूस कशात बसतो, हे कायद्यात कुठंच नव्हतं. त्यामुळे जो तो न्यायाधीश आपल्या मतानं निकाल देई. आपल्या मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टानं गोरं मानलं, आणि १९१० मध्ये वरच्या कोर्टानं ते कायम केलं. त्यानंतर आणखी काही हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्व मिळालं. वैष्णोदासांनाही मिळालं. तेव्हाच्या कायद्यात नागरिकाची बायको नवऱ्याच्याच कागदावर धरली जाई. म्हणजे कलाबाईंचं, मुलांचं, दुकानाचं, सगळं एकाच कागदावर टांगलेलं.

आणि तो कागद फाटला.

भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना मिळालेल्या नागरिकत्वाविरुद्ध सरकार कोर्टात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, हिंदू त्यात येत नाही. लगेच सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला घेतली. त्यात वैष्णोदासांचं गेलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्यांवर जमीन बाळगण्याची बंदी होती. बगाईंना दुकान आणि मालमत्ता विकावी लागली. १९२८ मध्ये त्यांना हिंदुस्थानात जाऊन यायचं होतं, तर अमेरिकी पासपोर्ट नाकारला. इंग्रजांचा घ्या, म्हणाले. ज्या राजवटीपासून पळून आले, तिचाच शिक्का! त्या वर्षी वैष्णोदासांनी आपला जीव संपवला. जाताना वर्तमानपत्राला पत्र लिहून कारण सांगितलं. हे सांगताना आमचाही आवाज जड होतो.

याच काळात उलटाही अन्याय चालू होता, तोही बायकांवरच. १९०७ च्या कायद्यानं अमेरिकी बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं स्वतःचं नागरिकत्व जाई. १९२२ मध्ये बायकांनी झगडून तो बदलून घेतला. पण त्यातही एक खोच राहिली. जो पुरुष नागरिक होऊच शकत नाही, त्याच्याशी लग्न केलेल्या बाईला ही सूट नव्हती. मेरी दास या जन्मानं अमेरिकी. त्यांचे पती तारकनाथ दास हे बंगाली क्रांतिकारक. थिंड निकालानंतर नवऱ्याच्या वंशापायी, आपल्याच जन्मभूमीत मेरीबाईंना पासपोर्ट मिळेना. ही अट १९३१ मध्ये निघाली.

एक माणूस मात्र हटला नाही. सखाराम गणेश पंडित हे थिंड यांचेच वकील. त्यांचंही १९१४ चं नागरिकत्व सरकारनं काढायला घेतलं. त्यांनी कोर्टाला सांगितलं, की तुमच्याच कोर्टानं सगळं तपासून मला हा कागद दिला. त्यावर विसंबून मी वकिली उभी केली, लग्न केलं. आता माझं गेलं तर माझ्या अमेरिकी बायकोचंही जाईल. १९२६ मध्ये वरच्या कोर्टानंही त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतर सरकारनं बाकीच्या हिंदुस्थानी लोकांवरचे खटले सोडून दिले. पण कलाबाईंच्या घराला त्याचा उपयोग झाला नाही.

कलाबाई परक्या देशात तीन मुलांसह एकट्या उरल्या. इंग्रजी येत नव्हतं, ते रात्रशाळेत जाऊन शिकल्या. मुलांना कॉलेजपर्यंत शिकवलं. १९३४ मध्ये नवऱ्याच्या मित्राशी, महेश चंद्र यांच्याशी, पुन्हा लग्न केलं. त्या काळी विधवेनं हे करणं सोपं नव्हतं. २ जुलै १९४६ ला अमेरिकेनं हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला, आणि पुढे कलाबाई स्वतःच्या नावानं नागरिक झाल्या. नव्यानं येणाऱ्या आपल्या लोकांना त्यांचं घर आधाराचं होतं. १९८३ मध्ये त्या वारल्या. ज्या बर्कलीत त्यांच्या घराला कुलूप लागलं होतं, तिथल्याच एका रस्त्याला २०२० मध्ये नगरपरिषदेनं त्यांचं नाव देण्याचं ठरवलं.

मैत्रिणींनो, आपल्या संविधानानं बाईला नवऱ्यामार्फत नागरिक केलेलं नाही, ती स्वतःच नागरिक आहे. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून भारतीय बाईचं नागरिकत्व जात नाही. तरी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसेल. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं भारतीय नागरिकत्व मिळायचं, ते १९९२ पर्यंत फक्त बापाकडून. आई भारतीय असून उपयोग नव्हता. त्या वर्षीच्या डिसेंबरात कायदा बदलला आणि आईचंही नातं धरलं जाऊ लागलं. म्हणजे आपल्याकडेही हा कागद पूर्ण व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वेगळा कागद कशाला? तर दुसऱ्याच्या कागदावर आपलं नाव असेल, तर तो कागद गेला की आपणही जातो. नवरा कितीही चांगला असो, वैष्णोदास चांगलेच होते. म्हणून सातबारा बघा, घराचा आठ अ बघा, तिथं आपलं नाव आहे का ते वाचा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. लग्नाचा दाखला काढला नसेल तर काढा, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा जपा. अंगठ्यावर भागतंय म्हणून थांबू नका, सही शिका.

पुढच्या बैठकीला येताना पिशवीत वहीबरोबर हे कागदही घेऊन या. एकमेकींचे कागद आपणच वाचू.