चाकणच्या मुलखातील बिनतारी किल्ली

इ. स. 1660 च्या पावसाळ्यात शाएस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळे यांनी तो भुईकोट सुमारे दोन महिने अशा शर्थीने झुंजविला, की अफाट फौज आणि तोफखाना जवळ असूनही मोगलांना अखेर जमिनीखालून सुरुंग नेऊन बुरूज उडवावा लागला. पहारा तटावर आणि घाला तटाखालून, हा अनुभव या मुलखाच्या पदरी तेव्हापासूनचा आहे. आणि आज त्याच चाकणात तयार होणाऱ्या मोटारींच्या किल्ल्यांचा इतिहास पाहू लागले, म्हणजे त्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता आकुर्डी, पिंपरी, भोसरीची माळराने कारखान्यांनी भरून गेली. 1972 पासून बजाजची चेतक घरोघर पोहोचली, त्या काळी हँडल एका अंगाला वळवून कुलूप लावले की मालक निर्धास्त होई. किल्लीचा सारा अधिकार तिच्या दातांत होता, आणि ती गेली तर कोपऱ्यावरचा किल्लीवाला कानशीने दुसरी घासून देई. 1995 साली टेल्कोच्या पिंपरीतील आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, आणि किल्लीचा अधिकार दातांतून निघून तिच्या मुठीतल्या चिपेत गेला. 2020 साली चेतक विजेवर परतली, तीही खिशातूनच ओळख पटविणारी किल्ली घेऊन.

बिनतारी विद्या मात्र या भूमीला नवखी नव्हे. हॅरिस पुलापलीकडच्या खडकीहून 1927 सालीच विलायतेशी बीम वायरलेसचे दळणवळण सुरू झाले होते, ग्रहणकेंद्र दौंडला होते. आणि 1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. ज्या शक्तीवर सरकारची अशी करडी नजर होती, तीच आज दाराजवळच्या खुंटीवर लटकत असते, आणि तिचे भान आपण ठेवीत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

मोटारीच्या दाराला हात लागताच ती जवळपासच्या किल्लीला एक क्षीण साद घालते, आणि किल्ली तिला सांकेतिक उत्तर देते. याचाच फायदा चोर घेतात: एक जण घराच्या भिंतीशी व दुसरा मोटारीशी उभा राहून ही साद व हे उत्तर यंत्राने पलीकडे पोहोचवितात. संकेत फुटत नाही, किल्ली जागची हलत नाही, तरी मोटार उघडते आणि सुरूही होते. झुरिकच्या संशोधकांनी 2011 साली आठ उत्पादकांच्या दहा मोटारी तपासल्या, तेव्हा दहाही या युक्तीला बळी पडल्या.

असे दोष झाकून ठेवण्याचा मोह उत्पादकांना होतो. चिपेच्या गुप्त संकेतातील एक दोष विद्वानांनी शोधला, तेव्हा फोक्सवॅगनने 2013 साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून त्याच्या प्रसिद्धीस मनाई मिळविली. तो निबंध अखेर 2015 साली एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षे ग्राहक अंधारात राहिला, हे मला अन्यायाचे वाटते.

कारण नुकसान सोसणारा तोच असतो. काच फुटलेली नाही, कुलूप मोडलेले नाही, मग पंचनाम्यात लिहायचे काय? विमा कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते, आणि दोन्ही हाती असूनही मोटार गेली कशी, हे तिला पटविण्याची जबाबदारी मालकावर येते. पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे; ठाण्यांच्या अंमलदारांना या रीतीची नीट माहिती दिली गेली पाहिजे.

उपाय जुनाच आहे. धातूच्या बंदिस्त आवरणात बाहेरचा विद्युत्प्रभाव पोहोचत नाही, हे फॅरेडेने 1836 साली दाखविले होते; तेव्हा घट्ट झाकणाचा पोलादी डबा पुष्कळदा पुरेसा होतो. पण विसंबून राहू नये: किल्ली डब्यात घालून डबा मोटारीशी न्यावा, दार उघडले तर तो डबा निरुपयोगी समजावा. दुसरी किल्लीही तशाच डब्यात ठेवावी. आणि चाकणच्या कारखानदारांना माझी विनंती आहे, की स्थिर असता झोपी जाणारी किल्ली त्यांनी स्वस्तातल्या मोटारीलाही द्यावी, आणि बिनतारी सोय बंद कशी करावी हे मोटार हवाली करतानाच ग्राहकाला मराठीत लिहून द्यावे.