रणभूमीवरून आलेली नाताळची शुभेच्छापत्रे

परदेशात लढणाऱ्या सैनिकाने घरी धाडलेले नाताळचे शुभेच्छापत्र वरकरणी अगदी साधे असे. एखादे फूल, राष्ट्रध्वज किंवा व्यंगचित्र आणि त्याखाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी. दोन्ही महायुद्धांच्या काळात मात्र या दोन ओळींचे मोल फार मोठे होते. त्या लिहिल्या गेल्या त्या दिवशी लिहिणारा जिवंत होता, एवढी ग्वाही घरच्यांना त्यातून मिळत असे.

ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र तयार करून घेतले. पुढील सत्तर वर्षांत ही प्रथा घरोघरी रुजली. त्यामुळे १९१४ च्या डिसेंबरात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत अडकलेल्या सैनिकांनाही सणाला घरी शुभेच्छापत्र पाठविण्याची ओढ लागणे स्वाभाविक होते.

रेशमी कार्डे

पहिल्या महायुद्धातील सर्वांत देखणी शुभेच्छापत्रे म्हणजे फ्रान्समधील रेशमी भरतकामाची कार्डे. जाळीदार रेशमी पट्टीवर रंगीत धाग्यांनी ध्वज, फुले, पलटणीचे चिन्ह किंवा वर्षाचा आकडा भरला जाई. मग पट्टीचे तुकडे कापून ते जाड कागदाच्या चौकटीत बसविले जात. काही कार्डांना रेशमाचाच छोटा खिसा असे आणि त्यात शुभेच्छेची इवलीशी चिठ्ठी ठेवलेली असे. हे सारे भरतकाम फ्रेंच व बेल्जियन स्त्रियांनी घरी बसून केले, असा समज दीर्घकाळ होता. नक्षीतील सारखेपणा पाहता त्यातील बरेचसे काम हाताने चालविल्या जाणाऱ्या यंत्रांवर झाले असावे, असे मत अलीकडे मांडले गेले आहे.

नाजूक असल्याने ही कार्डे सहसा उघडी टपालात टाकली जात नसत. ती पाकिटात, पत्रासोबत जात. त्यामुळे आज आढळणाऱ्या अनेक रेशमी कार्डांवर ना पत्ता आहे, ना तिकीट.

सेन्सॉरची कात्री

सैनिकांची पत्रे त्यांचेच अधिकारी तपासत. ठिकाणाचे नाव, पलटणीची हालचाल, पुढील मोहीम यांविषयी काहीही लिहिण्यास मनाई होती. ब्रिटिश सैन्याचे ‘फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड’ तर आधीच छापलेल्या वाक्यांचे असे. ‘मी बरा आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’ अशा वाक्यांतील नको ती खोडायची, खाली सही व तारीख घालायची. त्याखेरीज एक शब्द जरी लिहिला, तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी सूचना त्यावरच छापलेली होती.

अशा वेळी नाताळचे कार्ड सोयीचे ठरे. सेन्सॉरने खोडावे असे त्यात फारसे काही नसे आणि तरीही ते सरकारी नमुन्याचे कोरडे कार्ड नसे. सैन्याच्या अनेक डिव्हिजननी स्वतःची खास कार्डेही छापून घेतली होती.

भारतीय जवानांचा नाताळ

१९१४ च्या हिवाळ्यात लाहोर आणि मीरत या डिव्हिजनमधील भारतीय जवानही फ्रान्सच्या आघाडीवर होते. त्या नाताळाला सम्राट पंचम जॉर्ज यांची कन्या राजकुमारी मेरी हिच्या नावे उभारलेल्या निधीतून सैनिकांना पितळी डबी भेट देण्यात आली. तीत शुभेच्छापत्र आणि बहुतेकांसाठी तंबाखू व सिगारेट होती. भारतीयांसाठी मात्र वेगळा विचार झाला. शीख जवानांना तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाल्याचा डबा, तर गुरखा जवानांना ब्रिटिश सैनिकांप्रमाणेच भेट मिळाली. इतर भारतीयांना सिगारेट, खडीसाखर व मसाला देण्यात आला. अनेक सैनिकांनी ही डबी आठवण म्हणून घरी पाठवून दिली.

फिल्मवरून आलेल्या शुभेच्छा

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातील जलमार्ग धोक्याचा झाला. इजिप्तमधील ब्रिटिश सैनिकांची पत्रे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्यांना महिने लागू लागले. विमानांत जागा अपुरी होती. त्यावर तोडगा म्हणून १९४१ मध्ये ‘एअरग्राफ’ सेवा सुरू झाली. ठरावीक नमुन्यावर लिहिलेल्या पत्राचे छायाचित्र चिमुकल्या फिल्मवर घेतले जाई, फिल्म विमानाने जाई आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिचे छोटे मुद्रण घरपोच होई.

अमेरिकेने जून १९४२ मध्ये याच धर्तीवर ‘व्ही-मेल’ सुरू केली. दीड लाख साध्या पत्रांना टपालाच्या ३७ थैल्या लागत. व्ही-मेलला एक थैली पुरे. २ हजार ५७५ पौंडांचे वजन ४५ पौंडांवर आले.

नाताळासाठी या पत्रांचे खास सचित्र नमुने निघत. त्यांवर वाळवंट, उंट, पिरॅमिड यांची चित्रे असत. विमान पडले, तर मूळ कागदाचे पुन्हा छायाचित्र घेता येई. पत्र पोहोचल्याची खात्री झाली की मूळ कागद नष्ट केला जाई. घरच्यांच्या हाती येई ती अक्षराची केवळ प्रतिमा.

कार्ड आणि वार्ता

कार्डाला एक मर्यादा होती. ते लिहिले त्या दिवसापुरतेच खरे असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मृत्यूची वार्ता तारेने, तर साध्या शिपायाची छापील नमुन्यावर टपालाने येई. मृत्यूच्या वार्तेनंतर त्याच माणसाच्या हातचे पत्र दारात पडावे, असा प्रसंग अनेक घरांवर आला. सोम नदीच्या परिसरातील थिएपव्हाल येथील स्मारकावर, ज्यांची कबरही ओळखता आली नाही, अशा ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. अशा घरांत जपून ठेवायला एखादे पत्र किंवा कार्डच उरले.

लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम, कॅनबेराचे ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल आणि वॉशिंग्टनचे राष्ट्रीय टपाल संग्रहालय येथे युद्धकाळातील असे टपाल जतन केले आहे. कित्येक रेशमी कार्डांवर मात्र ‘प्रिय आईस’ आणि एक पहिले नाव, एवढेच आढळते. आडनाव आणि पत्ता पाकिटावर होता. पाकीट हरवले आणि कार्ड तेवढे उरले.